रुमालाखालचा तिसरा हात

मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असताना कुठल्याही दुकानात शिरा, बाहेर येताना कपडे पिवळे झालेले असतात. गेल्या हंगामात मी अशाच एका अडत दुकानात गेले होते. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, आमच्या प्रोग्रामातनं छापताना तोलाईची ओळ हमालीच्या ओळीवर चढत होती, तेवढं सरळ करायचं होतं. दुकानाचे मालक, ज्यांना यार्डात सगळेच अण्णा म्हणतात, गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, “ताई, आमचं सगळं खातं तुम्ही अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीत नेऊन टाकलंय म्हणं. व्हय?”

“कोण म्हणालं, अण्णा?”

“भाचा म्हणत होता. पुण्याला कॉम्प्युटरात असतोय.”

सांगलीत प्रत्येकाचा एक भाचा पुण्याला कॉम्प्युटरात असतो आणि तो सणाला येऊन असा एखादा किडा सोडून जातो. मी अण्णांना समजावलं, की तुमचं खातं, म्हणजे शेतकऱ्यांची नावं, उचल, बाकी, हे सगळं तुमच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे. त्या कंपनीकडं आहे तो फक्त आमचा कोड. पट्टी कशी काढायची त्याची रीत, पट्टी नव्हे. अण्णांनी मान हलवली, चहा आला, मी विश्रामबागला ऑफिसात परतले आणि उगीच खात्री करावी म्हणून रेपोत, म्हणजे त्या कंपनीकडच्या आमच्या कोडच्या कपाटात, शोध मारला.

अण्णांच्या दुकानाची अख्खी बॅकअप फाइल तिथं होती.

२०२१ची. टाकणारी मीच. शेजारी माझाच शेरा: ‘टेस्टिंगसाठी, नंतर काढणे’. तीन आठवड्यांनी काढलीही होती, पण गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, काढलं म्हणजे आजच्या पानावरनं काढलं. मागची पानं तशीच राहतात. जुने मुनीम सांगायचे, कीर्दीतलं पान फाडायचं नाही, चुकलं तर खोडून शेजारी लिहायचं. गिट तसंच आहे, आणि एरवी त्याच्या याच गुणावर आमचं पोट चालतं. तीनशेच्या वर शेतकरी, त्यांचे बँक खाते नंबर, कोणाची किती उचल, सगळं त्या खोडलेल्या ओळीखाली स्वच्छ वाचता येत होतं.

तेव्हापासून आठ महिने मी कोड ठेवायच्या जागा आणि कुलपं एकेक करून वापरून बघितली. आम्ही तिघं आहोत: मी, मिरजेहून येणारा एक पोरगा आणि तासगावची एक मुलगी. अडत, बेदाणा, कोल्ड स्टोरेज यांच्या हिशेबांचे प्रोग्राम लिहितो. मोठ्या कंपन्यांचे सल्ले आम्हाला ढगळ होतात, म्हणून हा आमच्या मापाचा अनुभव.

सुरुवात गिटहबनं, म्हणजे भाचा म्हणत होता त्याच अमेरिकेतल्या कंपनीनं, कारण आम्ही होतो तिथंच. कसे पोचलो तेही सांगते. आमचं आधीचं ऑफिस मारुती चौकाजवळ तळमजल्यावर होतं. २००५चा महापूर ज्यांनी बघितला होता त्यांनी भिंतीवरच्या त्या वर्षीच्या खुणेच्या वर सामान चढवायचं, हा सांगलीचा नियम. आम्हीही चढवलं. ऑगस्ट २०१९चं पाणी ती खूण ओलांडून गेलं. सर्व्हर म्हणून वापरायचो तो पीसी आणि त्याच्या बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकाच लोखंडी कपाटात. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आतनं गाळाचा एक सरळ ठोकळा निघाला, त्यात डिस्कच्या आकाराची खाच. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची, पण महापुराचं पाणी शिरल्यावर तिथलीही हळद गेली. आमची काय कथा.

त्याच वर्षी जानेवारीत गिटहबनं फुकट खात्यांनाही प्रायव्हेट रेपो, म्हणजे आपण आत घेऊ त्यांनाच दिसणारा, द्यायला सुरुवात केली होती, मालक सोडून तीन माणसांपर्यंत. आम्हाला तेवढं पुरत होतं. तासगावच्या मुलीच्या घरच्या लॅपटॉपवर होता तेवढा कोड आम्ही तिथं चढवला. एप्रिल २०२०मध्ये माणसांची मर्यादाही गेली. तेव्हापासून आम्ही निवांत होतो, आणि चूक तिथंच झाली. ‘प्रायव्हेट’ हा शब्द वाचून आम्ही ‘गुप्त’ असं समजत होतो.

दोन्हींत फरक काय, हे मला यार्डातल्या जुन्या गोष्टींवरनं कळलं. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. रुमाल सगळ्यांना दिसायचा, आकडा फक्त दोघांना. प्रायव्हेट रेपोत रुमाल आहे, पण त्याखाली तिसरा हातही आहे, जागा देणाऱ्या कंपनीचा. तुमच्या मशीनवरनं निघालेला कोड वाटेत एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो, त्यांच्या डिस्कवरही एन्क्रिप्टेडच पडतो, जाहिरातीत दोन्ही गोष्टी मोठ्या अक्षरात असतात. पण त्या डिस्कची किल्ली त्यांच्याकडंच असते. असावीच लागते, नाहीतर ब्राउझरमध्ये कोड दाखवणार कसा? तो तिसरा हात सभ्य आहे, आणि आमच्या हमाली-तोलाईत त्याला काय रस असणार? पण आमच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल, त्याचा हात मात्र सभ्य असेलच असं नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर दोन प्रकरणं. २०१६मध्ये उबरच्या इंजिनियरांच्या प्रायव्हेट रेपोत चोर शिरले. तिथं त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली, म्हणजे आत शिरायचा पासवर्डासारखा शब्द, कोडमध्येच सापडली आणि त्या किल्लीनं ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुसरं टोयोटाचं. तिच्या एका उपठेकेदारानं गाडी इंटरनेटला जोडणाऱ्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा भाग डिसेंबर २०१७मध्ये चुकून पब्लिक ठेवला, तो सप्टेंबर २०२२पर्यंत तसाच. त्यातही सर्व्हरची किल्ली होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते बाहेर गेले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. एक रेपो प्रायव्हेट होता, एक पब्लिक, आणि दोन्हीकडं घात केला तो कोडमध्ये पडलेल्या किल्लीनं. अण्णांच्या फाइलनंतर मी आमच्या सगळ्या रेपोंत किल्ल्या शोधल्या. सात निघाल्या. दोन जिवंत होत्या.

आधी ती फाइल इतिहासातनं काढायची होती. त्यासाठी गिट-फिल्टर-रेपो नावाचं अवजार आहे आणि ते उत्तम आहे. एका आज्ञेत ती फाइल प्रत्येक जुन्या पानावरनं जाते, पण त्याबरोबर पुढच्या सगळ्या पानांचे नंबर बदलतात. मी शनिवारी दुपारी हे केलं, जोर लावून पुश केलं, म्हणजे तिथल्या जुन्या इतिहासावर नवा लादून चढवला, दोघांना सांगितलं, जुनी प्रत पुसा आणि नवी उतरवून घ्या. सोमवारी सकाळी फाइल परत हजर! मिरजेचा पोरगा आठवडाभराचं काम जुन्या प्रतीत करून बसला होता, ते वाया जाऊ नये म्हणून त्यानं जुना आणि नवा इतिहास एकत्र करून पुश केला होता. रेल्वेतनं येता येता. दुसऱ्यांदा सगळं करताना मी त्याचा लॅपटॉप माझ्या टेबलावर घेऊन बसले.

इतकं करूनही काम संपत नाही. जुन्या कमिटचा, म्हणजे इतिहासातल्या एका पानाचा, नंबर ठाऊक असेल तर ते पान वेबवर थेट उघडता येतं. आपण पुसलं तरी त्यांच्याकडच्या साठ्यात ते पडून असतं. ते काढायला सपोर्टला लिहावं लागतं. मी लिहिलं, त्यांनी काढलं, तक्रार नाही. पण मधल्या दिवसांत मी तो पत्ता रोज सकाळी उघडून बघायचे आणि रोज सकाळी अण्णांचे शेतकरी मला तिथं भेटायचे.

मग अण्णांकडं गेले. हे टाळता आलं असतं, पण पुण्याचा भाचा परत येणारच होता. म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी मी न्हाई म्हणाले, पण एक फाइल होती. माझ्याच हातनं गेली होती. काढली.”

अण्णा चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. “किती जणांनी बघितली?”

“आम्ही तिघं. आणि एक बाहेरचा पोरगा दोन महिने कामाला होता, त्याच्याकडं प्रत असणार.”

“मग हितं का बसलाय? त्याला फोन लावा की.”

लावला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर प्रत होती आणि त्याला पत्ताही नव्हता. व्हिडिओ कॉलवर माझ्यादेखत पुसली. जाताना मी अण्णांना २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही सांगितला, की माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. म्हणाले, “अख्खं यार्ड विकलं तरी तेवढं येतंय का बघा.”

तर गिटहब. रोजच्या कामाला आजही सगळ्यांत बरं वाटतं, पण लहान माणसानं तीन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. एक म्हणजे, रेपो वैयक्तिक खात्यावर असेल तर आत घेतलेल्या प्रत्येकाला लिहायचा हक्क मिळतो, ‘फक्त वाच’ असं सांगता येत नाही. त्यासाठी ऑर्गनायझेशन काढावं लागतं. ते फुकट निघतं, दहा मिनिटांचं काम, आम्ही चार वर्षं केलं नव्हतं. दुसरी, मुख्य शाखेवर, म्हणजे कोडच्या पक्क्या प्रतीवर, कोणी थेट पुश करू नये असा अडसर फुकट खात्यात पब्लिक रेपोला घालता येतो, प्रायव्हेटला नाही. त्याला माणशी महिना ४ डॉलरचा टीम प्लॅन लागतो. तिसरी मला खटकते. कोडमध्ये चुकून आलेली किल्ली पुश होतानाच अडवणारी तपासणी पब्लिक रेपोंना फुकट आहे, प्रायव्हेटला वेगळे पैसे मोजावे लागतात. दागिने घरात ठेवणाऱ्यालाच राखणदाराचा पगार. आम्ही त्याऐवजी गिटलीक्स हे फुकट अवजार तिघांच्या मशीनवर बसवलं. कमिट करायच्या आधी ते कोड हुंगतं आणि किल्लीसारखं काही दिसलं की अडतं. कधीकधी हळदीच्या लॉट नंबरलाही किल्ली समजतं. चालतंय.

पब्लिक रेपोही आमचा एक आहे, आणि तो पब्लिकच राहणार. ‘अक्षरी रुपये’ लिहिण्याचा तो कोड आहे. मराठीत एक ते शंभरपर्यंत प्रत्येक आकडा आपल्याच मर्जीचा असल्यानं तिथं सूत्र चालत नाही, यादीच लिहावी लागते. माझ्या यादीत ७९च्या जागी ‘एकोणसत्तर’ पडलं होतं. कुणा अनोळखी माणसानं ते बघून दुरुस्ती पाठवली. प्रायव्हेट ठेवला असता तर एखाद्या शेतकऱ्याच्या पट्टीवर आकडा एक आणि अक्षर दुसरं छापून गेलं असतं. फक्त एक ध्यानात ठेवा: पब्लिक रेपोची कुणी फोर्क करून, म्हणजे स्वतःच्या खात्यात, प्रत घेतली असेल आणि नंतर तुम्ही मूळ प्रायव्हेट केलात, तर ती प्रत पब्लिकच राहते. परत बोलावता येत नाही. शिवाय प्रत्येक कमिटवर तुमचा ईमेल पत्ता छापलेला असतो. तो झाकायची सोय गिटहबच्या सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्या कमिटच्या आधी चालू करा. मी नंतर केली, त्यामुळं मला अजूनही परदेशातनं ‘तुमच्या स्टार्टअपसाठी गुंतवणूक’ अशी पत्रं येतात.

पब्लिकचा एक वाईट अनुभवही आहे. सुट्टीत शिकायला आलेल्या एका मुलानं केलेलं काम मित्रांना दाखवावं म्हणून आमच्या कोडचा तुकडा आपल्या पब्लिक रेपोत टाकला. त्यात मेल पाठवायच्या सेवेची किल्ली होती. रात्री टाकला, सकाळी त्या सेवेनं आमचं खातं बंद केलेलं. आमच्या नावानं रातोरात हजारो मेल गेले होते. असल्या किल्ल्या हुडकत फिरणारे बॉट रात्रंदिवस जागे असतात, माणूस बघेपर्यंत काम उरकलेलं असतं. पोराला रागावले नाही. किल्ली कोडमध्ये लिहून ठेवली होती ती मीच.

गिटलॅब ही गिटहबसारखीच दुसरी जागा. ती मला एका गोष्टीसाठी मनापासून आवडली. तिथं गेस्ट नावाची भूमिका आहे. प्रायव्हेट प्रोजेक्टमध्ये गेस्टला कोड दिसत नाही, पण तक्रार नोंदवता येते आणि त्या तक्रारीचं पुढं काय झालं तेही बघता येतं. अण्णांच्या मुनिमांना मी गेस्ट केलं. पहिल्याच दिवशी त्यांची नोंद आली: ‘कडता वजा होत न्हाई. लवकर बघणे. जेवण झालं का?’ फोनवर पाच वेळा सांगायची तक्रार एकदा लिहिलेली बघून मला भरून आलं. अडचण एवढीच, की फुकट खात्यात प्रायव्हेट ग्रुपला पाचच माणसं चालतात, आणि गेस्टही त्यांत मोजला जातो. तीन आम्ही, चौथे मुनीम, पाचवा कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर, संपलं. गिटलॅबमध्ये प्रायव्हेट आणि पब्लिकच्या मध्ये इंटर्नल अशीही एक पातळी आहे, लॉगिन केलेल्या कुणालाही दिसेल अशी. स्वतःच्या सर्व्हरवर ती कामाची, कारण लॉगिन आपल्याच लोकांचं असतं. त्यांच्या सार्वजनिक साइटवर लॉगिन म्हणजे सगळं जग. जुलै २०१९पासून नव्या प्रोजेक्टना तिथं ती मिळत नाही, बरंच झालं.

कोड ठेवायची तिसरी जागा म्हणून कोडबर्ग बघितलं, जर्मनीतली ना-नफा संस्था चालवते. स्वच्छ, जाहिरात नाही. पण ते मुक्त सॉफ्टवेअरसाठी आहे, धंद्याचा बंद कोड तिथं नेऊन ठेवणं म्हणजे देवळाच्या ओवरीत गोदाम थाटणं. ‘अक्षरी रुपये’ची एक प्रत मात्र तिथं ठेवली. कीबेस या गुप्त संदेशांच्या सेवेचं एन्क्रिप्टेड गिट २०१७मध्ये आलं तेव्हा कल्पना फार सुंदर होती, रेपोचं नावसुद्धा कंपनीला कळत नाही. २०२०मध्ये झूमनं कीबेस विकत घेतलं आणि मग त्यात फारशी हालचाल दिसेना. जिथं दिवा आहे पण माणूस दिसत नाही अशा दुकानात मी माल ठेवत नाही.

मग घरची चूल: ऑफिसात स्वतःचा सर्व्हर. एक जुना मिनी पीसी, त्यावर डेबियन ही लिनक्स, त्यावर फोर्जेओ, म्हणजे कोडबर्ग ज्यावर चालतं तेच. बसवायला एक दुपार लागली आणि चालायला इतकं हलकं, की मी दोनदा तपासलं चालू आहे ना. बसवताना नवी नोंदणी बंद करा, नाहीतर दार उघडंच राहतं. पूर्ण डिस्क लक्स या लिनक्समधल्या कुलपानं एन्क्रिप्ट केली, पीसी चोरीला गेला तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून. रुमालाखाली फक्त आमचे हात. मला वाटलं, शोध संपला.

मग पाऊस सुरू झाला. विश्रामबागला पुराचं पाणी येत नाही, पण लाइट जाते. इन्व्हर्टर दोन तास ओढतो, मग पीसी बंद. लाइट आली की तो उठतो आणि अगदी पहिल्या पायरीवर थांबून डिस्कचा परवलीचा शब्द मागतो. तो शब्द कीबोर्डवरनं द्यायचा आणि कीबोर्ड ऑफिसात. एका रविवारी सकाळी सातला तासगावनं फोन: “मॅडम, पुश होत न्हाई. बेदाण्याचा सौदा अकराला हाय.” मी नाइट गाउनवर दुपट्टा घेऊन स्कूटर काढली, कुलूप उघडलं, तो शब्द टाइप केला, परत आले. पुढच्या दोन महिन्यांत हे सहा वेळा. लांबनं शब्द द्यायची युक्ती असते, मी ती केलीही, पण ती बसवताना एकदा चुकलं आणि अख्खा दिवस गेला. एन्क्रिप्शन चोख होतं. त्यापायी पहाटे उठायची पाळी माझ्यावर होती. आता तो पीसी फक्त आरशासारखा ठेवलाय: रोज रात्री सगळ्या रेपोंची प्रत ओढून घेतो, बंद पडला तर कुणाचं अडत नाही.

आता खरं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्ली आपल्याकडं आणि ठेवायची जागा दुसऱ्याची.

सगळंच झाकायचं तर गिट-रिमोट-जीक्रिप्ट नावाचं अवजार. कोड, फाइलची नावं, शेरे, सगळं गुंडाळून जातं. पंधरा दिवस वापरलं. वेबवर काहीच वाचता येत नाही, तेव्हा एकमेकांचा कोड तपासणं बंद. त्यातून प्रत्येक पुश हा जोर लावून केलेला पुश असतो. मी आणि तासगावच्या मुलीनं एकाच दुपारी पुश केलं आणि तिचं काम माझ्याखाली गाडलं गेलं. एकट्या माणसाला ठीक, तिघांना नाही.

गिट-क्रिप्ट हे दुसरं अवजार फक्त ठरावीक फाइली झाकतं. एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं की अमुक फाइल झाकायची, पुढं तुमच्या मशीनवर ती उघडी दिसते आणि पुश होताना आपोआप झाकली जाते. विश्वास बसेना म्हणून मी फोनवरनं ती फाइल गिटहबवर उघडली. सुरुवातीला गिट-क्रिप्टचं नाव, पुढं सगळी काजळी. समाधान झालं. पण आधी साधी म्हणून कमिट झालेली फाइल नंतर झाकली तर जुनी उघडी प्रत इतिहासात राहतेच (सात किल्ल्यांतली एक अशीच होती). फाइलचं नाव आणि शेरा झाकला जात नाही. ‘अण्णा बँक पासवर्ड बदलला’ असा शेरा लिहिलात तर झाकण्यात काय राहिलं? आणि सोडून गेलेल्या माणसाचा हक्क काढून घ्यायची सोय त्यात नाही.

आम्ही थांबलो ते सॉप्सवर. फायरफॉक्सवाल्या मोझिलात जन्मलेलं अवजार, किल्लीसाठी त्याच्याबरोबर एज (age) हे दुसरं. एजचा कर्ता उच्चार ‘आगे’ असा सांगतो, तो आपल्या जिभेला जास्त सोपा. सॉप्समध्ये फाइल पूर्ण झाकली जात नाही, फक्त किंमत झाकली जाते. ‘मेल पासवर्ड’ हे शब्द वाचता येतात, त्यापुढं काजळी. त्यामुळं कोणी काय बदललं हे तपासताना कळतं, नवीन आकडा मात्र कळत नाही. हाच तो रुमाल! तिघांच्या तीन किल्ल्या, कुणाच्याही एकीनं उघडतं. माणूस गेला की त्याची किल्ली यादीतनं काढायची आणि फाइल आतल्या नव्या गुप्तकिल्लीनं परत झाकायची. त्यानं मागची झाकलेली पानं आधीच उतरवून नेली असतील तर ती त्याला उघडता येणारच, म्हणून आतले पासवर्डही त्याच दिवशी बदलायचे. एक खोट: झाकायचं आपण विसरलो तर सॉप्स आपण होऊन अडवत नाही. ते काम गिटलीक्सकडं दिलंय.

सध्याची मांडणी अशी: कोड गिटहबवर साध्या प्रायव्हेटमध्ये, खरं सांगायचं तर आमची हमालीची सूत्रं कोण चोरणार? अडत्यांना ती तोंडपाठ आहेत. पासवर्ड सॉप्समध्ये. खऱ्या शेतकऱ्यांची माहिती कुठल्याच रेपोत नाही. टेस्टिंगसाठी खोटी नावं बनवणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय, त्याच्या कृपेनं आमच्या यादीत सगळ्यांची आडनावं हळदे, बेदाणे आणि गुळवे. मुनिमांच्या तक्रारी गिटलॅबवर. दोन जागा सांभाळणं थोडं गैरसोयीचं आहे, पण मुनीम आता फोन करत नाहीत.

उरली एक गोष्ट. किल्ली आमचीच असल्यानं ती हरवली तर विचारायला कोणी नाही. कुठलीही कंपनी ‘पासवर्ड विसरलात?’ म्हणून पत्र पाठवणार नाही. तिघांच्या लॅपटॉपवर तीन किल्ल्या आहेत, पण २०१९ला आमचे तीन लॅपटॉप एकाच छताखाली असते तर? आगेची किल्ली एका ओळीत मावते. मी एक चौथी किल्ली काढली, कागदावर छापली, लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केली आणि अण्णांकडं नेली. त्यांची तिजोरी पहिल्या मजल्यावर आहे, २०१९च्या खुणेच्या वर.

अण्णांनी लिफाफा उलटसुलट केला. “हे काय?”

“आमच्या पासवर्डांच्या कुलपाची जादा किल्ली हाय. माझ्याकडची किल्ली बुडली तर ही.”

“उघडून बघू?”

“उघडलात तर परत नवी करावी लागंल.”

त्यांनी तो जुन्या चोपड्यांखाली सरकवला, तिजोरी लावली आणि मुनिमांना म्हणाले, ताईंच्या यंदाच्या बिलातनं तिजोरीचं भाडं दोनशे रुपये वजा करा. मुनिमांनी गिटलॅबवर नोंद टाकली.